दुपट्ट्याखालचा हात

पुंजा, वहिनीनं तुझा दुपट्टा माझ्याकडे पाठवून दिला आहे. घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. गिरजानं तो माझ्या पुढ्यात ठेवला आणि चुलीकडे निघून गेली. मला तो नको होता. आधी वाटलं, आला तसा परत करावा. मग उघडून पाहिला. काठाला तंबाखूचा डाग आहे, एका कोपऱ्याला कसलीशी गाठ मारलेली आहे, आणि मधोमध वीतभर कापड इतकं विरलं आहे की त्यातून पलीकडची भिंत दिसते. तिथं आपले हात असायचे. म्हणजे तुझा असायचाच. माझा गेली अकरा वर्षं नव्हता.

अकरा वर्षांनी मी तुला 'तू' म्हणतो आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मी तुला 'पुंजाजी' आणि 'तुमी' म्हणायला लागलो, त्या दिवशी अकोटच्या सगळ्या बैलबाजाराला कळलं की या दोघांचं फाटलं. दलालाला शिवी दिली तर तो हसतो. त्याला अहो-जाहो केलं की त्याला लागतं. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच केलं.

तुझा जावई मास्तर आहे. तो म्हणाला, "काका, तुम्ही दोन शब्द लिहून द्या, आम्ही छापून घरोघरी देऊ." माझं काम दोन शब्दांत कधी झालं नाही हे त्या बिचाऱ्याला माहीत नाही. आणि तुला तर वाचताच येत नव्हतं, तेव्हा हे कोणीतरी तुझ्या नावानं मोठ्यानं वाचणार आणि बाकीचे ऐकणार. त्या बाकीच्यांसाठी काही गोष्टी फोडून सांगाव्या लागतील. मध्ये टोकू नकोस. बाजारात फार टोकलंस.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना सांगतो. आमच्यात भाव तोंडानं होत नाही. तोंडानं नुसता गोंधळ होतो. विकणाऱ्याचा दलाल बैलाच्या पाठीवर थापा मारून त्याची सात पिढ्यांची तारीफ करतो, घेणाऱ्याचा दलाल त्याच बैलाला म्हातारा, लंगडा, अडेल म्हणतो, भोवती पन्नास माणसं हसत उभी असतात. खरा भाव होतो तो दुपट्ट्याखाली. दोघं हातावर कापड टाकतात आणि एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. पटलं नाही तर समोरचा तुमचं एखादं बोट मिटवतो, किंवा वाढवून मागतो. चेहरा दगडासारखा ठेवायचा. आणि यात एकच नियम आहे, तो कुठं लिहिलेला नाही: दुपट्ट्याबाहेर वाटेल तेवढं खोटं बोला, दुपट्ट्याखाली खोटं नाही. तिथं हात दिला तो दिला. मी बिनजमिनीचा माणूस. बापाच्या मागं मला फक्त आवाज आणि हे दहा बोटांचं भांडवल मिळालं. तेवढ्यावर मी घर बांधलं, दोन पोरींची लग्नं केली. म्हणून हा नियम माझ्यासाठी देवळातल्या शपथेच्या वरचा होता.

तो तू मोडलास. माझ्या मायच्या बाबतीत मोडलास. माझं तुझ्याशी भांडण एवढंच होतं. आता तू गेलास, आणि एकट्यानं भांडण चालवायची ताकद माझ्यात उरली नाही.

आठवतं ना, अमरावतीच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या घशात आरसा घालून पाहिलं तो दिवस? तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रदेशात होता, आणि क्षय म्हटलं की माणसं उंबऱ्याच्या बाहेरून बोलायची. बाजारातल्या हॉटेलवाल्यानं माझ्यासाठी कान तुटलेला एक कप वेगळा काढून ठेवला होता. मी तो फोडणार होतो. तू माझ्या हातातून काढून घेतलास, त्यातला माझा उरलेला चहा सगळ्यांसमोर पिऊन टाकलास आणि त्याला म्हणालास, "आता दोन कप वेगळे ठेव बापा. हिसोब नीट पाह्यजे." डॉक्टरांनी पुढं ही गोष्ट ऐकली तेव्हा त्यांनी तुला असं झापलं की तू आठ दिवस त्यांच्यासमोर आला नाहीस. मूर्खपणाच होता तो. पण माझ्यासाठी असला मूर्खपणा दुसऱ्या कोणी केला नाही.

डॉक्टर म्हणाले, "क्षय घशात उतरला आहे. सुया देऊ, गोळ्या देऊ. पण खरं औषध म्हणजे गप्प राहणं. सहा महिने एकही शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. रडायचं नाही, ओरडायचं नाही. आवाज गेला तर कायमचा जाईल, आणि कदाचित माणूसही जाईल."

तू म्हणालास, "सायेब, त्यापेक्षा याले फाशी द्या. हा झोपेतबी भाव करते."

गिरजा रडता रडता हसली. मी तोंड उघडलं आणि डॉक्टरांनी बोट ओठावर ठेवलं. त्या क्षणापासून मी मुका झालो.

मला पाटी आणि पेन्सिल दिली होती. त्यांचा उपयोग डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापुरता. गिरजाला अक्षर येत नाही, तुला येत नाही. पहिल्या आठवड्यात मी पाटीवर लिहायचो आणि तुम्ही दोघं ती उलटसुलट धरून एकमेकांकडे पाहायचात. मी चिडून पाटी पलंगावर आपटायचो. मग दुसऱ्या सोमवारी तू आलास. रविवारचा बाजार करून, सकाळची मोटार पकडून, अंगाला बैलांचा वास घेऊन. पलंगाच्या कडेला बसलास, खांद्यावरचा हाच दुपट्टा काढलास, माझ्या हातावर टाकलास आणि म्हणालास, "हात दे बे. हे तं बोलता येते ना तुले?"

मग आपण भाषाच बनवली. पूर्ण पंजा म्हणजे सगळं ठीक. चार बोटं म्हणजे थोडी कुरबुर. तीन म्हणजे काळजी. एक बोट म्हणजे बैल बसला, आता उठत नाही. मी खूण करायची आणि तू बोटांनी उत्तर द्यायचं. गळ्याशी हात नेला म्हणजे औषध मिळालं का. कमरेच्या उंचीवर हात धरला म्हणजे पोरी कशा आहेत. आणि डोक्यावरून पदर ओढल्यासारखं केलं म्हणजे माय.

तू तोंडानंही सांगू शकत होतास. पण तुझं तोंड मला ठाऊक होतं. त्या तोंडानं तू आंधळा बैल डोळस म्हणून खपवला होतास. म्हणून तू बोलायला लागलास की मी दुपट्ट्याकडे बोट दाखवायचो: खाली सांग. आणि खाली तू खरंच सांगायचास. धाकटीला गोवर आला तेव्हा तोंडानं म्हणालास, "मजेत हाय, खेळून राह्यली," आणि खाली तीन बोटं दिलीस. पुढच्या सोमवारी चार. त्याच्या पुढच्या सोमवारी पंजा. त्यामुळं माझा त्या हातावर विश्वास बसला.

आता उपकारांचं बोलायला हवं. मला ते जमत नाही. जन्मभर भाव पाडत आलो, कोणाची किंमत पूर्ण सांगायची सवयच नाही. तरी सांगतो. गिरजानं दवाखान्याच्या मागच्या बाजूला कुडाची एक खोली धरली. रोज माझी भांडी वेगळी उकळायची, माझ्या भांड्यातली थुंकी स्वतः राखेत पुरायची आणि येऊन माझ्याशी दिवसभर एकटीच बोलायची, मी उत्तर देत असल्यासारखी. लग्नानंतर पहिल्यांदा मला तिचं सगळं ऐकून घ्यावं लागलं. माझ्या दोन पोरी मायकडे होत्या, नंतर तुझ्या घरी, वहिनीकडे. वहिनीनं त्यांच्या ताटात कधी फरक केला नाही. ज्या रहीमखानाशी मी तीन बाजार भांडलो होतो, त्यानं सेमाडोहकडून रानातलं मध आणवून माझ्या घशासाठी पाठवलं, आणि निरोप काय पाठवला, तर "जल्दी ठीक हो, तेरे बगैर गाली देने को कोई नहीं."

आणि तू सुया आणल्यास. त्या काळी त्या सुया सहज मिळत नव्हत्या. अमरावतीत संपल्या की तू बडनेऱ्याहून गाडी धरून नागपूरला जायचास. तिथला दुकानदार म्हणाला, थंड जागी ठेवा. तू उन्हाळ्याचे दिवस पाहून शहाणपणा केलास: एक सुरई विकत घेतलीस, पाण्यानं भरलीस आणि सगळ्या बाटल्या आत बुडवून मांडीवर घेऊन आलास. दवाखान्यात येईपर्यंत सगळी लेबलं सुटून पाण्यात तरंगत होती. डॉक्टर म्हणाले, "कुठल्या बाटलीत काय आहे हे मला कसं कळणार? मी ही टोचणार नाही." तू म्हणालास, "सायेब, साऱ्यायच्यात एकच हाय, मी इमानानं सांगतो." डॉक्टर म्हणाले, "इमान टोचता येत नाही." तू त्याच संध्याकाळी परत नागपूरला गेलास. ती सुरई गिरजानं ठेवून घेतली. अजून आमच्या घरी आहे. तिच्यातलं पाणी फार गार होतं.

बघ, एवढं सांगायला मला अकरा वर्षं लागली. तुझ्या तोंडावर यातला एक शब्द सांगितला नाही.

चौथा महिना संपत आला होता. त्या आठवड्यात गिरजा तीन दिवस अकोटला गेली. तू सांगितलंस, मोठीला ताप आहे, आई पाहिजे म्हणून हट्ट धरला आहे. मी काळजीनं हात पुढं केला, तू चार बोटं दिलीस. ठीक. मग दोन सोमवार तू आलाच नाहीस. गिरजा परत आली होती, तिनं सांगितलं, भाऊजींच्या घरी पेरणीची घाई आहे. तेही ठीक. तिसऱ्या सोमवारी तू आलास तो डोक्याला फेटा बांधून. जन्मभर टोपी घालणारा माणूस. फेटा पार कपाळावर ओढलेला. आणि ओठावर मिशी नाही.

मी माझ्या ओठावर बोट फिरवून विचारलं: कुठं गेली?

"पैजेत हारलो," तू म्हणालास.

मी भुवया उडवल्या: कसली पैज?

"हिवरखेडच्या बाजारात. एक गोऱ्हा होता. म्या म्हणलं सहा दात, निंगाले चार. मिशी लावली होती, देल्ली."

मी हसलो. आवाज न करता हसायला मी शिकलो होतो, पलंग नुसता हलायचा. पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बरं झालं.' तुला वाचता आलं नाही. दारात गिरजा उभी होती, ती पाठ फिरवून धुतलेलाच पेला पुन्हा धुवायला लागली. मग मी डोक्यावरून पदर ओढल्यासारखं केलं: माय कशी आहे?

तू दुपट्टा टाकलास. पंजा दिलास. पूर्ण. पाचही बोटं. नेहमीपेक्षा घट्ट धरलास, जरा जास्त वेळ धरलास.

मी बैलाच्या दातावरून त्याचं वय सांगतो. कानस मारून शिंगं तरुण केलेली मला लांबून ओळखू येतात. आणि माझा सोबती डोकं झाकून, मिशी उतरवून माझ्यासमोर बसला होता, ते मला दिसलं नाही.

माय गेली होती. तीन दिवसांच्या तापात गेली. मी तिचा एकुलता एक. अग्नी कोणी द्यावा असा प्रश्न उभा राहिला तेव्हा तू पुढं झालास. ना भावकीचा, ना नात्याचा. तू डोकं उतरवलंस, मिशी दिलीस, मडकं खांद्यावर घेतलंस, दहा दिवस जमिनीवर झोपलास. डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं की आत्ता या माणसाला धक्का बसला, एकदा जरी हंबरडा फोडला, तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. तू, गिरजा, वहिनी, अख्खं गाव, सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्या दहा दिवसांत मी इकडे शिरा खात होतो. गिरजानं स्वतः शिजवून मला भरवला, आणि 'तू काहून खात नाहीस' हे विचारायला मला तोंड नव्हतं.

त्यानंतरचे आठ सोमवार तू मला पंजा दिलास. आठ वेळा.

सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू बोला. गिरजा आदल्या दिवशी पुढं गेली, घर झाडायचं म्हणून. तू मला न्यायला आलास. मी बोलू शकत होतो, पण बोललो नाही. पहिला शब्द मी मायसाठी राखून ठेवला होता. दारातून हाक मारायची, ती चुलीपासून ओरडेल, 'आला का रे,' असं मी कित्येक दुपारी पडल्या पडल्या ठरवलं होतं. तुलाही खुणेनं सांगितलं: डोक्यावर पदर, मग ओठांवर हात, मग दाराकडे बोट. तुला कळलं. तुझा चेहरा उतरला, पण मला वाटलं, मोटारीचा त्रास होत असेल.

इथून पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. गिरजालाही नाही.

अंजनगावला मोटार थांबली. तू उतरून पानं घेऊन आलास. एक मला दिलंस, तुझं तसंच हातात धरून बसलास. मोटार सुटली तशी तू दुपट्टा काढलास, माझ्या हातावर टाकलास आणि म्हणालास, "वामन्या, हात दे."

मी मान हलवली. आता कशाला दुपट्टा? आता मी बोलता झालो.

"हात दे ना बे. मले काही सांगाचं हाय."

मी हसलो, हात काढून घेतला. तू पुन्हा दुपट्टा पुढं केलास. मला गंमत वाटली. मी तो तुझ्या हातातून ओढून घेतला, त्याची घडी केली आणि त्याच्यावर बसलो. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा आपल्याकडे पाहून हसला. तू खिडकीबाहेर पाहत राहिलास. अंजनगावपासून अकोटपर्यंत मी त्या दुपट्ट्यावर बसून आलो, पुंजा.

तू तोंडानं सांगू शकत होतास, असं मी इतकी वर्षं स्वतःला म्हणत आलो. पण भरल्या मोटारीत, अनोळखी माणसांमध्ये, तुझ्या त्या बाजारू तोंडानं? खरं सांगायची तुझी एकच जागा होती, आणि तिच्यावर मी बसलो होतो.

दारात उभं राहून मी हाक मारली. "माय!" सहा महिन्यांनी आलेला तो आवाज माझा वाटलाच नाही. आतून गिरजा आली. तिच्या मागं मला मायची बाज दिसली. भिंतीला टेकवून उभी केलेली.

पुढचं सगळ्या आळीनं ऐकलं. मी तुझ्या अंगावर धावून गेलो. म्हणालो, "तू माह्या मायचा सौदा केला! दुपट्ट्याखाली खोटं बोलला!" आणखी बरंच बोललो, ते इथं लिहीत नाही. तू मागं सरकला नाहीस. एकच बोललास, आणि तेही माझ्या भांडणाला उत्तर नव्हतं.

"हळू बोल, वामन्या. घसा जाईन."

लोक म्हणाले, आता तरी दहावा-तेरावा कर, मायच्या नावानं डोकं उतरव, मिशी दे. मी रागानं म्हणालो, ज्यानं केलं त्यानं केलं, मला आता नाटक करायचं नाही. मिशी ठेवली. पीळ देऊन ठेवली. तुला दिसावी म्हणून.

त्यानंतर मी तुझ्या दुपट्ट्याखाली हात घातला नाही. आपला सौदा पडलाच तर मध्ये तिसरा दलाल घालायचो. तू 'वामन्या' म्हणायचास, मी 'पुंजाजी' म्हणायचो. दोन-तीन वर्षांनी तूही थकलास आणि मला 'वामनराव' म्हणायला लागलास. मी जिंकलो.

गिरजा मात्र तुझ्या घरी जात राहिली. सणाला पुरणपोळीचा डबा तुमच्याकडे गेल्याशिवाय माझं ताट वाढलं जायचं नाही. एकदा मी तिच्यावर ओरडलो, तेव्हा तिनं पदराला हात पुसले आणि मला विचारलं, "मलेबी मालूम होतं. वहिनीले मालूम होतं. डॉक्टरले मालूम होतं. माह्या हातचा शिरा खाल्ला तुमी. मंग राग एकट्या भाऊजीवरच काहून?"

मी म्हणालो, "तुमी साऱ्यायनं तोंडानं लपवलं. त्यानं हातानं लपवलं."

ती म्हणाली, "तुमचा जीव तं त्याच हातानं आणला ना सुरईतून?"

मी जेवणावरून उठून गेलो.

मागच्या महिन्यात तुला अकोल्याहून परत आणलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात पोट उघडून पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं, एवढं बाजारात कळलं होतं. मी येणार नव्हतो. गिरजानं माझी टोपी आणून हातात दिली.

दुपारची वेळ होती. तू ओसरीवर पडला होतास. शरीर असं झालं होतं की दुष्काळातला बैल बरा. भोवती आलेला प्रत्येक जण म्हणत होता, चेहरा आज चांगला वाटतो, आता बरं वाटेल, पंधरा दिवसांत हिंडाल. वहिनी मान डोलवत होती. तू माझ्याकडे पाहिलंस.

"या वामनराव. बसा."

मी बसलो. मग तू उशाखालून हा दुपट्टा ओढायला लागलास. तेवढीही ताकद नव्हती, मी ओढून दिला. तू तो आपल्या दोघांच्या मध्ये टाकलास आणि म्हणालास, "पाह्य बरं. तुही नजर पक्की हाय. केवढ्याचा हाय मी आता?"

माणसं हसली. मी आत हात घातला. अकरा वर्षांनी. तुझी बोटं काटक्यांसारखी झाली होती, पण पकड ओळखीची होती. मी जन्मात पहिल्यांदा दुपट्ट्याखाली खोटं बोललो. पंजा दिला. पूर्ण. पाचही बोटं. घट्ट धरलं, जरा जास्त वेळ धरलं.

तू थांबलास. चेहरा दगडासारखा. मग आत, कोणाला न दिसता, तू माझी करंगळी मिटवलीस. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. मग अंगठा आत दाबलास. एक उरलं. ते तू तुझ्या मुठीत धरून ठेवलंस.

"झाला सौदा," तू मोठ्यानं म्हणालास. आणि मग हळू, माझ्यापुरतं, "वामन्या."

त्या दिवसापासून माझं डोकं एकाच गोष्टीत फिरतं आहे. खोटा भाव दिला तर बोट मिटवायचं असतं. हे आपल्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. तू मला नऊ सोमवार पंजा दिलास, तू बिनमिशीचा माझ्यासमोर बसला होतास, गिरजाचे डोळे सुजलेले होते, आणि माझ्यासारख्या घासाघीस करणाऱ्यानं एकदाही तुझं एक बोट मिटवून पाहिलं नाही. मला तो पंजा हवा होता. मी तो घेतला, त्याच्यावर जगलो, आणि मग अकरा वर्षं ओरडत राहिलो की मला फसवलं.

दुसऱ्या आठवड्यात तू गेलास. आभार मानायचे राहिले. तू जिवंत असतास तरी मी मानले असते की नाही, मला खात्री नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे.

परवा तुझा दहावा झाला. नदीवर न्हावी बसला होता, तुझी दोन पोरं, तुझे पुतणे रांगेनं डोकी उतरवून घेत होते. सगळे झाले तसा मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. टोपी काढली. त्यानं वस्तरा हातात तसाच धरला आणि माझ्याकडे पाहत राहिला. तो जुना माणूस आहे, आपलं भांडण त्याला ठाऊक.

"वामनराव, तुमी काहून? तुमचं काई नातं नाई लागत."

मी म्हटलं, डोकं उतरव. त्यानं उतरवलं. मग मी ओठावर बोट ठेवलं: हीसुद्धा. तुझी पोरं पाहायला लागली. वहिनी दूर बायकांमध्ये बसली होती, तिनं तोंडाला पदर लावला. न्हाव्यानं मिशीला पाणी लावलं, पण हात चालेना.

"सांगा तं खरं," तो म्हणाला. "मिशी काहून देता?"

घसा अजून धरतो कधी कधी, पुंजा. हळूच बोललो.

"पैजेत हारलो."